सांगितलं तरी शाळा

मुलींच्या शिक्षणाची सभा असली की गावात पहिल्या रांगेत मुली बसवतात. गणवेशातल्या, दोन वेण्या घातलेल्या, हातात रंगवलेले फलक धरलेल्या. फोटो चांगला येतो. अनुजा खोत आली की आधी ही रांग उठवते.

"पोरी मागं बसूदेत," ती म्हणते. "त्यांना सगळं ठावं हाय. बापांनी पुढं या."

बाप कुरकुरत पुढं येतात. कुणी मोबाईल काढतो, कुणी तंबाखूची पुडी खिशात परत ठेवतो. समोर उभी असते ती तेवीस वर्षांची, खांद्याला पिशवी लावलेली, माइकची गरज नसलेल्या आवाजाची मुलगी. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहते कोल्हापुरात मुलींच्या वसतिगृहात. बोलते मात्र अजून गावाकडचंच. आपल्या कोल्हापूरकडच्या बायका बोलतात तसं, पुरुषांसारखं, ‘मी येतो, मी सांगतो’. पुण्याच्या एका कार्यक्रमात या बोलण्यावर कुणीतरी हसलं, तेव्हा ती म्हणाली, "हसा की. पण ऐका बी."

सभेत ती आकडेवारी सांगत नाही. बापांना एकच प्रश्न विचारते. "उद्या तुमची मुलगी घरी येऊन म्हणाली, वाटेत मला पोरांनी त्रास दिला, तर तुम्ही तिची शाळा बंद कराल?"

सगळे एका सुरात "न्हाय" म्हणतात.

"मग एकेकानं उभं राहायचं, मुलीचं नाव घ्यायचं आणि तिच्याकडं बघून सांगायचं."

इथं सभा गप्प होते. ही शांतता मी तिच्याबरोबर फिरताना बऱ्याच गावांत पाहिली आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर क्षणापूर्वी इतकं सोपं होतं, ते मुलीचं नाव घेऊन द्यायचं म्हटल्यावर माणसाला जड का जातं, याचा विचार मी पुष्कळ केला. अनुजाला तो करावा लागत नाही. तिनं ही शांतता पहिल्यांदा ऐकली ती स्वतःच्या गावात, नववीत असताना.

तिचं गाव गावंदरवाडी. शाहूवाडीच्या डोंगरात, भाताच्या पायऱ्यांसारख्या शेतांच्या वर वसलेली चाळीस-पन्नास घरं. शाळा सातवीपर्यंत. पुढचं हायस्कूल खाली तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथं. मुली घोळक्यानं चालत जायच्या. उतरताना तासभर लागायचा, चढताना त्याहून जास्त. वाटेत खिंड संपली की ओढ्यावर एक मोरी, छोटा पूल, लागते. त्या मोरीच्या कठड्यावर तीन पोरं मोटरसायकली लावून बसायची. दोघं पलीकडच्या वाडीची आणि तिसरा गावातलाच अमरसिंह, सरपंच हंबीररावांचा पुतण्या. तालुक्याला कॉलेजात बारावीला होता.

आधी शिट्ट्या झाल्या, मग नावं घेणं, मग मोबाईलवर चित्रण. मुली मान खाली घालून भराभर चालायच्या. आणि या सगळ्या मुलींनी आपसात ठरवून टाकलं होतं, घरी सांगायचं नाही. कुणी शपथ घातली नव्हती, कुणी धमकी दिली नव्हती. सांगितलं की शाळा बंद होणार, एवढं प्रत्येकीला न सांगता कळलं होतं.

घोळक्यात सगळ्यात लहान मोना, आठवीतली. बडबडी, पळण्यात सगळ्यांच्या पुढं. तिचे आईवडील कामाला बाहेरगावी असायचे, आजी तानाबाईनं तिला वाढवलं होतं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली त्याच आठवड्यात, घरी परतताना, मागून आलेल्या गाडीवरून एका पोरानं तिची ओढणी खेचली. मोना मोरीच्या कठड्यावर तोंडावर आपटली. पुढचा दात तुटला, ओठ फाटला. पोरं थांबली नाहीत. गाडीवर मागं अमरसिंह बसला होता.

मुलींनी ओढ्यावर तिचं तोंड धुतलं. मोना एवढंच म्हणाली, "पाय घसरला म्हणून सांगायचं."

सगळ्यांनी माना हलवल्या. अनुजानंही.

पण घरी आल्यावर तिला राहवेना. तिचे वडील पिराजी दूध संस्थेचं दूध टेंपोतून खाली शीतकरण केंद्राला पोचवायचे. मितभाषी माणूस. परसात कॅन धूत बसले होते. अनुजा शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं, शिट्ट्यांपासून ओढणीपर्यंत. पिराजींनी हातातला कॅन खाली ठेवला. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. पायात चपला घातल्या आणि सरळ हंबीररावांच्या दारात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक बसली. तिन्ही पोरांना बोलावलं. पोरांनी नारळ ठेवला, तानाबाईच्या पाया पडली. कुणीतरी पोलिसांचं नाव काढलं, तशी तानाबाईच म्हणाली, "नगं. पोरीचं नाव चौकीत कशाला न्यायचं? उद्या हिचं लगीन करायचं हाय मला." प्रकरण मिटलं असं सगळे म्हणाले. मग हंबीररावांनी घसा खाकरला.

"आता पोरींचं बगा. एवढ्या लांब रानातनं धाडायचं कशाला? सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, घरनंच दहावीला बसवायचं. अभ्यास काय, घरातबी हुतोय."

माना हलल्या. यात कुणाचंही मन वाईट नव्हतं, आणि अवघड गोष्ट तीच होती. बाप घाबरले होते. आयांना रात्रभर झोप लागली नव्हती. मुलींना जपायचं म्हणून त्यांनी मुलींना घरी बसवलं. पोरं मात्र सोमवारी नेहमीसारखी कॉलेजला गेली.

अनुजाची शाळा तेवढी बंद झाली नाही. पिराजी टेंपो घेऊन तसेही तिठ्यावरूनच जात. तिला शेजारी बसवून न्यायला लागले. वर्गात मुलींच्या बाजूचे दोन बाक रिकामे पडले. गावात नळावर ती घागर घेऊन गेली की मुली बोलायच्या थांबायच्या. एकजण तर तोंडावर म्हणाली, "तुला काय, तू टेंपोत बसून जातीस."

विज्ञान शिकवणारे भूपाल मगदूम सर एका रविवारी तिच्याबरोबर घरोघर गेले. जयसिंगपूरकडचे जैन गृहस्थ, शांत, समजावून सांगणारे. प्रत्येक घरात त्यांना पाट मिळाला, चहा मिळाला. "व्हय सर, बरोबर हाय सर, शिक्षण पायजेच," असं प्रत्येकजण म्हणाला. सोमवारी एकही मुलगी शाळेत आली नाही.

तानाबाईच्या घरी सर ओसरीवर बसले असताना अनुजा मागं परसात गेली. मोना शेण्या थापत होती. ओठ बरा झाला होता. अनुजा दप्तरातून विज्ञानाचा झालेला भाग दाखवायला लागली, तशी मोना हात न थांबवता म्हणाली, "ठेव ते. माझा दात त्या पोरानं पाडला. शाळा तू बंद केलीस."

 "मी तुझ्यासाठीच…" असं काहीतरी अनुजानं सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. दप्तर बंद करून ती सरांबरोबर निघाली.

नंतरचे कितीतरी दिवस ती त्या वाक्याशी भांडत होती. मी चुकले का? गप्प बसायला हवं होतं? गप्प बसले असते तर मोरीवर पुढं काय झालं असतं? ती मला म्हणाली, "मोना खोटं बोलली असती तर मला राग आला असता. पण ती खरंच बोलत हुती, वो. आम्ही पोरींनी गप्प बसायचं ठरवलं हुतं ते भित्र्या हुतो म्हणून न्हाय. सांगायची किंमत आमाला ठावी हुती. मी सांगितलं, आणि किंमत सगळ्यांनी दिली." मग त्याच दिवसांत एकदा टेंपोत बसल्या बसल्या तिनं वडिलांना विचारलं.

"आबा, मी सांगितलं तरी तुम्ही माझी शाळा बंद केली न्हाईसा. का?"

पिराजींनी वळणावर गिअर बदलला. मग म्हणाले, "तू खरं सांगितलंस. खरं सांगितल्याची शिक्षा कशी द्यायची पोरीला?"

"हे ग्रामसभेत बोलशीला?"

"मला जमतंय व्हय गं बोलायला!"

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरते. एका कडेला जिलेबीच्या परड्या झाकून ठेवलेल्या असतात, म्हणून गर्दीही बरी असते. नळपाणी योजना झाली, घरकुलं झाली, रस्ता झाला. ग्रामसेवकानं ऐनवेळचे विषय म्हणताच मागून अनुजा उभी राहिली.

हंबीरराव हसून म्हणाले, "तू मतदार हायस व्हय गं?"

सभा हसली. अनुजा तशीच उभी राहिली.  तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं पिराजी उठले. "मतदार मी हाय," ते म्हणाले. "माझ्या वतीनं ती बोलंल."

हसू थांबलं.

"मोरीवर जी पोरं बसत हुती ती कालबी कॉलेजला गेली," अनुजा म्हणाली. "आणि आमच्यातल्या बाकीच्या सगळ्या घरात हायत. मार कुणी खाल्ला आणि घरात कुणाला बसवलं?"

"तुमच्याच भल्यासाठी केलंय की," हंबीरराव म्हणाले. त्यांचा आवाज खरोखरच मऊ होता.

"व्हय, मला पटतंय. पण आता काय हुईल सांगतो. उद्या एखादीला ह्याच्यापेक्षा वाईट झालं तर ती गप्प बसंल. सांगितलं की शाळा जाती, हे आता पहिलीतल्या पोरीलाबी कळलंय. तुम्हाला पोरी सुखरूप पायजेत का गप्प पायजेत? एवढंच सांगा."

 मग पिराजी पुन्हा उठले. हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. एक हात खिशात, एक पाठीमागं. "माझी पोरगी, अनुजा," त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. "ती घरी येऊन काय बी सांगू दे. मी तिची शाळा बंद करणार न्हाय. हे मी सगळ्यांदेखत बोलतोय. उद्या फिरलो तर कुणीबी मला विचारावं."

आणि ती शांतता पडली.

ती मोडली तानाबाईनं. बायकांच्यातून बसल्या जागेवरून ती म्हणाली, "तुला सोपं हाय पिराजी. तुझ्या पोरीचं तोंड शाबूत हाय."

पिराजींनी तिच्याकडं बघून हात जोडले. दुसरं ते काय करणार होते? गावातल्या लोकांना वाटलं, संपलं. पण आकाराम म्हणून एक शेतकरी होता, दोन मुलींचा बाप, सभेत कधी तोंड न उघडणारा. तो उभा राहिला, दोन्ही मुलींची नावं घेतली आणि तेच वाक्य बोलला. त्याच्यामागून आणखी एकजण उठला. तिसरा अर्धा उठला आणि बायकोकडं बघून खाली बसला. हंबीरराव म्हणाले, "मला पोरगी न्हाय. मी कसली शपथ घेऊ?"

"तुम्हाला पुतण्या हाय न्हवं," अनुजा म्हणाली.

त्यावर कुणी हसलं नाही. जिलेबी वाटली गेली, माणसं पांगली. हंबीररावांनी शपथ घेतली नाही ती नाहीच. पण त्याच आठवड्यात अमरसिंहची मोटरसायकल त्यांच्या अंगणात उभी दिसायला लागली आणि अमरसिंह एसटीनं कॉलेजला जायला लागला. त्याला काय सांगितलं, हे हंबीररावांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. पलीकडच्या वाडीची पोरंही मोरीवर यायची थांबली. मगदूम सरांनी हायस्कूलमध्ये एका महिला पोलिसाला बोलावून मुलींशी बोलायला लावलं, तिचा नंबर फळ्यावर लिहून ठेवला.

पुढच्या सोमवारी अनुजा टेंपोत बसली नाही. आकारामच्या मुलींबरोबर चालत गेली. मोरी आली तेव्हा तिघींनी एकमेकींचे हात धरले. कठड्यावर कुणी नव्हतं, तरी धरले.

जूनपर्यंत बहुतेक मुली परत आल्या. एक मामाच्या गावी शिकायला गेली. मोना आली नाही. अनुजा तिच्या दारात अनेकदा गेली. तानाबाई चहा द्यायची, पण विषय काढू द्यायची नाही. मोना आतूनच म्हणायची, "काम चाललंय." अठरा पूर्ण झाल्यावर तिचं लग्न झालं, बिद्रीकडचं घर मिळालं. अनुजा तेव्हा कॉलेजात होती. अक्षता टाकून ती न जेवताच परत आली.

कॉलेजात, वसतिगृहातल्या खोलीत, तिला एक गोष्ट कळली आणि तिथून पुढं तिचं आयुष्य त्या दिशेनं वळलं. आजूबाजूला चंदगडच्या, राधानगरीच्या, शिरोळच्या मुली होत्या. एकदा बोलता बोलता तिनं विचारलं, "घरी न सांगितलेलं काही हाय का तुमच्याकडं?" प्रत्येकीकडं होतं. कुणाच्या वाटेवर मोरी होती, कुणाच्या पानपट्टी, कुणाच्या बसचा कंडक्टर, तर एकीच्या शिकवणीचे सरच. आणि प्रत्येकीनं गप्प राहून शाळा टिकवली होती. ज्यांना गप्प राहता आलं नाही त्या वसतिगृहापर्यंत पोचल्याच नव्हत्या.

सुट्टीत ती मैत्रिणींच्या गावी जायला लागली. सोबत दोघीतिघी असायच्या, पुढं पुढं मगदूम सरही यायचे, निवृत्त झाले होते. संस्था नाही, बॅनर नाही. मागणी एकच, बापांनी सभेत उभं राहून बोलायचं. काही गावांत तिचं स्वागत झालं. काही ठिकाणी "पावणं, आमच्या गावात असलं काय हुत न्हाय," असं म्हणून चहा पाजून वाटेला लावलं. नृसिंहवाडीच्या अलीकडच्या एका गावात एका माणसानं सगळ्यांच्या आधी उठून ठणकावून शब्द दिला आणि पुढच्याच पावसाळ्यात, मुलीनं वाटेतला त्रास सांगितल्यावर, तिला घरी बसवलं. मुलीनं अनुजाला फोन केला. अनुजा एकटी गेली नाही. त्याच सभेत शब्द दिलेल्या गावातल्याच चार बापांना घेऊन गेली.

तो माणूस म्हणाला, "सभेत बोलायला काय जातंय? ज्या बापावर येतंय त्याला कळतंय."

चौघांतला एक म्हणाला, "मग आमच्यावरबी येऊ दे. तुझ्या पोरीबरोबर आमच्याबी धाडतो, एकत्र."

त्या दिवशी काही झालं नाही. महिनाभर हे बाप आळीपाळीनं त्याच्याकडं जात राहिले. शेवटी मुलगी शाळेत गेली. अनुजा म्हणते, हे तिच्यानं झालंच नसतं. तिचा राग त्या माणसाला पोचला नसता, पण शेजाऱ्याची भीती त्याच्या भीतीसारखीच होती, म्हणून ती पोचली.

मागच्या वर्षी तिनं मोनाला फोन केला. दोघी आता अधूनमधून बोलतात. सुरुवात मोनानंच केली, मुलगी झाली तेव्हा. अनुजानं विचारलं, "एका सभेत येशील? तुझं तू बोललीस तर लोक ऐकतील."

मोना शांतपणे म्हणाली, "न्हाय. तुझ्या भाषणातलं उदाहरण मला व्हायचं न्हाय."

अनुजाला ते लागलं. पण तिनं त्यावर वाद घातला नाही. त्यानंतर कुठल्याच सभेत तिनं मोनाची हकिकत सांगितलेली नाही. लोक विचारतात, तुम्हाला हे कसं सुचलं? ती म्हणते, "आबांनी सांगितलं." तेही खरंच आहे.

हे लिहायचं ठरल्यावर मी बिद्रीला गेलो. मोनाला सगळं विचारल्याशिवाय लिहिणं बरोबर नव्हतं. घरात शिलाई मशीन, ब्लाऊजचे ढीग, दारात दुचाकी. दोन गिऱ्हाईकं उठवून तिनं मला खुर्ची दिली. मी वाचून दाखवलेलं तिनं सुई ओवत ओवत ऐकलं. मोना हे तिचं खरं नाव नाही, तिनंच निवडलं. कशाला हरकत आहे का, मी विचारलं.

"एक हाय," ती म्हणाली. "ती दारात यायची तवा मी आत रडत बसायचो, असलं काय लिवू नगा. मी रडलो न्हाय. मी तिच्यावर चिडलेलो. अजूनबी थोडं हाय." मग दोरा दातानं तोडून म्हणाली, "पण तिला सांगा, पुढच्या महिन्यात आमच्या गावात सभा घे म्हणावं. मी बोलणार न्हाय. ह्यास्नी पुढं बसवतो."

तिचा नवरा कारखान्याच्या पाळीवरून नुकताच आला होता. त्यानं बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कसली सभा?" त्यानं विचारलं.